तिसऱ्या

चार खाड्या: जयगड, आरे, साखरतर, पूर्णगड.
प्रत्येकीच्या तीस तिसऱ्या,
शिंपल्यावर पेन्सिलीनं आकडा, पिशवीवर तारीख.
व्हर्निअरच्या जबड्यात एकेक धरायची,
लांबी मिलिमीटरात, दशांशानंतर एक घर.
एकशेवीस वेळा तोच खटका.
बोटांना सुकतीचा वास,
तो रविवारी वरणभातातही येतो.

प्रश्न साधा होता:
चिखल बदलला की शिंपला बदलतो का?

मी म्हटलं, दोन-दोन घेऊन ताडून बघते,
जोड्या सहाच तर होतात.
खानोलकर सरांनी चष्मा कपाळावर चढवला.
"एका वेळी शंभरात पाच चुका माफ केल्यास.
सहा वेळा माफ केल्यास तर?
सहादा पाग टाकलास
तर कधीतरी शेवाळही चमकेल मासळीसारखं."

म्हणून सगळ्या एकाच पंगतीला बसवायच्या.
आधी बघायचं, एकेका घरात भावंडं
आपापसात किती भांडतात;
मग घराघरांतलं भांडण किती.
या दुसऱ्याला पहिल्यानं भागायचं.
घरातलाच गोंगाट मोठा असेल
तर शेजाऱ्यावर आळ घ्यायचा नाही.
आमच्या वाडीला हे ठाऊक आहे,
फक्त भागाकार कुणी करत नाही.

उत्तर आलं एकोणीस.
तीन आलं असतं तरी चाललं असतं.
रात्री साडेअकराला हॉस्टेलच्या जिन्यात
मी दोन पायऱ्या एकदम उतरले.

मग कुठली वेगळी, त्याची निराळी कसोटी:
जयगड सत्तावीस, आरे सव्वीस, पूर्णगड पुन्हा सत्तावीस,
आणि तिसऱ्या खाडीच्या तिसऱ्या
चौतीस.

कारणं लिहायला घेतली.
क्षारता. वाळूचा कण. वरच्या कांदळवनाचा कुजका पाला.
तीन पानं झाली.
कारणं फार लवकर सुचतात.

चौथ्या पानावर जैतूनबी आठवली.

साखरतरला त्या दिवशी एसटी पंक्चर,
मी पोचले तेव्हा पाणी चढायला लागलेलं.
ती मांडीभर चिखलातून वर आली,
ओढणीचं टोक पिळलं,
टोपली माझ्यापुढे धरली.
मी तीस मोजून घेतल्या.
पैसे तिनं घेतले नाहीत.

पुढच्या अमावास्येला जाऊन विचारलं.
"बारक्या कशाला देव तुला?
शिकाय आलीस ना गो.
मोठ्या मोठ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या."

काय बोलणार.
मी लोखंडी चौकट काढली,
डोळे मिटून भिरकावली,
पडली तिथं गुडघे टेकून खणायला लागले.
"हय काय गावनार तुला? त्या अंगाला जा, थय मोठ्या हायत."
"मोठ्या नकोत, मावशी."
"मग कसल्या?"
"असतील तशा."
ती बघत राहिली,
कल्ले न उघडता कुणी पापलेट घ्यावं
आणि वर भावही करू नये, तसं.

साखरतर, दुसरी खेप: सत्तावीस पूर्णांक तीन.
भागाकार एकालाही पोचला नाही.
"सारख्या आहेत असं लिहू नकोस," सर म्हणाले,
"वेगळ्या म्हणायला पुरावा नाही, एवढंच लिही."
तीन पानं फाडली. एक ओळ लिहिली.

रजिस्टरात पहिल्या खेपेपुढे: बाद.
त्यापुढे कारणाचा रकाना.
त्यात 'नमुना निवडलेला होता' असं लिहिलं,
आणि तेवढं खरंही आहे.

त्या तीस फॉर्मॅलिनच्या बरणीत आहेत, वरच्या फळीवर.
आता खाताही येत नाहीत.